वामकुक्षीच्या वेळी सरळ होणारी गाडी

असुन्सिओन,
१९ नोव्हेंबर

तीर्थरूप एदेल्मिरा मावशीस,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला जरा हळू). तुझं पत्र पोचलं. बटाट्याची लागवड उरकली, काळ्या मेंढीला जुळं झालं आणि शेजारच्या ओयार्सोने पुन्हा तुझ्या कुंपणावर जाळी वाळत घातली, हे वाचून आपल्या बेटावर जाऊन आल्यासारखं वाटलं. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. ‘सुखरूप’ हा शब्द मी तोलून-मापून लिहितोय, कारण दीड महिन्यापूर्वी हेच पत्र लिहायला बसलो असतो तर त्या शब्दावर पेन अडलं असतं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आधी सगळं ऐकून घे आणि मग रागाव, तेव्हा कारणंही जास्त सापडतील.

झालं असं. आमची लेक रोसेंदा सात महिन्यांची गरोदर होती आणि जावई क्रिस्पिन याला नदीवरच्या बार्जची फेरी लागली. (सोयाबीन भरलेल्या त्या लोखंडी सपाट होड्या. एकदा खाली गेला की सहा-सहा आठवडे तोंड दिसत नाही.) निघण्याआधी त्याने कुठून तरी एक जुनी निळी गाडी ठरवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बाबा, बाळ येईल तेव्हा मी पाण्यावर असेन. पाऊस पडला की या शहरात टॅक्सीवाला फोन उचलत नाही. गाडी तुमच्या हाती.” मी पंचेचाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. पण चार चाकांचं सुकाणू मी जन्मात धरलं नव्हतं, हे मी त्याला सांगणार तोच एर्सिरा स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, त्यांना काय अवघड आहे? होडीला तर ब्रेकही नव्हता.” झालं. बायकोने चारचौघांत कौतुक केलं की माणूस संपला म्हणून समज.

गाडी आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरातली. ती आणायला मी गेलो तेव्हा दारात गुमेर्सिंदो नावाचा पन्नाशीचा, पडक्या खांद्यांचा माणूस उभा होता. किल्ली माझ्या हातावर ठेवताना तो घरातल्या अंधाराकडे बघून फार हळू आवाजात म्हणाला, “बाबांची गाडी आहे. एकेचाळीस वर्षं शहराची बस चालवली त्यांनी, आणि रविवारी ही. पण आता बाबा गाडी चालवत नाहीत.” मला काय समजायचं ते समजलं. मी टोपी काढली, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, देव त्यांना शांती देवो. त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, पण हात सोडवून घेतले नाहीत. गाडीच्या आरशाला देवीचं एक पदक टांगलेलं होतं आणि त्याच्या मागे सुईने कोरलं होतं: लिब्रादो. मेलेल्या माणसाचं पदक काढून टाकणं मला बरं वाटेना. राहू दिलं.

शिकवणीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. मार्सिआना बाई म्हणून एक शिक्षिका लावली होती. तिने तीन ड्रायव्हिंग शाळा आणि दोन नवरे सोडले होते (हे तिनेच पहिल्या धड्याला सांगितलं), पण मला चौथ्या धड्यानंतर सोडलं. माझं म्हणणं एवढंच होतं की गाडी आपल्या वेगाने किनाऱ्याला लागू द्यावी. बाईंचं म्हणणं होतं की समोर किनारा नसून फळवाली आहे. बाजाराजवळ गाडी लावायला गेलं की फडकं हलवणारा एक मिशाळ इसम धावत यायचा आणि मागे उभा राहून ओरडायचा, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बास!” हे ‘बास’ तो नेहमी आवाज झाल्यावर म्हणायचा. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मागे-मागे घुसणं ही विद्या मला काही केल्या येईना. पाणी सरकून जागा देतं गं मावशी. दगड देत नाही. शेवटच्या दिवशी बाई उतरल्या, दार हळूच लावलं आणि म्हणाल्या, “काराई, तुम्ही नदीकाठी घर घ्या.” (इथे वयस्कर पुरुषाला काराई म्हणतात. मला सगळे म्हणतात, एर्सिरा सोडून.)

तेव्हा मी एकट्यानेच सराव सुरू केला. सकाळी गल्लीतून एक चक्कर मारायची आणि घरासमोरच्या आंब्याखाली गाडी लावायची. ‘लावायची’ हा शब्द मोठा झाला. मागचं चाक फूटपाथपासून हातभर, पुढचं दोन हात, आणि तोंड असं वाकडं की जणू कुणाशी भांडून निघाली आहे. गल्लीतले लोक यायचे, बघायचे आणि जायचे. बारा वाजले की आम्ही जेवायचो आणि मग वामकुक्षी. इथली वामकुक्षी म्हणजे आपल्यासारखी डुलकी नव्हे. उन्हाने दगड पांढरे पडतात, सगळी दारं-खिडक्या बंद होतात, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. बारा ते तीन गल्लीत एक माणूस दिसत नाही. आपल्याकडे धुकं पडल्यावर खाडीवर जी शांतता पसरते ना, तीच. फक्त इथे लख्ख उजेडात. त्यामुळे जास्तच वाईट.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी तीन वाजता उठून बाहेर आलो, तर गाडी सरळ होती.

सरळ म्हणजे कशी, तर दोरी लावून ठेवल्यासारखी. दोन्ही चाकं फूटपाथपासून बरोबर एक वीत. मला वाटलं, आपल्यालाच जमलं असावं. (माणूस काय काय समजून घेतो.) मंगळवारी मी मुद्दाम वाकडी लावली. खरं तर मुद्दाम करावं लागलं नाही. तीन वाजता पुन्हा सरळ. आत बसलो तर गुडघे सुकाणूला आपटले. कुणीतरी सीट पार पुढे ओढली होती. आरसा खाली वळवला होता, इतका खाली की त्यात रस्ता दिसत नव्हता, मागची रिकामी सीट दिसत होती. किल्ली माझ्या उशाखाली होती, मावशी. उशी माझ्या डोक्याखाली होती.

मी देओलिंदाकाकूंना विचारलं. त्या आमच्या भिंतीला भिंत, सगळ्या गल्लीच्या बातम्या त्यांच्या ओट्यावरून जातात. त्या आणि आणखी दोघी थंडगार तेरेरे पीत बसल्या होत्या. (पाल्याचं पाणी, एकाच नळीने सगळ्यांनी प्यायचं. तुला आवडणार नाही.) मी विचारल्याबरोबर तिघी एकदम स्पॅनिशमधून त्यांच्या गुआरानी बोलीत शिरल्या, जसे खेकडे बिळात शिरतात. बऱ्याच वेळाने काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “काराई, वामकुक्षीच्या वेळी खिडकीतून बघायचं नसतं.”

“का?”

“आमच्यात बघत नाहीत.”

“पण काकू, माझी गाडी कोण हलवतं?”

“सरळ करून जातं ना? वाकडी तर करत नाही? मग?” आणि मग आवाज खाली आणून, “भिंतीवर थोडा मध ठेवा. तंबाखू ठेवा. इथे दुपारचं फिरणारं एक आहे. बुटकं असतं, हातात काठी असते. मध दिला की त्रास देत नाही.” बाकीच्या दोघी जमिनीकडे बघत होत्या. त्यांतल्या एकीचे खांदे हलत होते. मला वाटलं भीतीने.

मध ठेवला. तंबाखू ठेवला. तीन वाजता दोन्ही गायब, गाडी सरळ, आणि सीटवर दोन पिकलेले आंबे. ते आंबे खायचे की नाही यावरून आमच्या घरात मोठा वाद झाला. रोसेंदा मुकाट्याने दोन्ही खाऊन मोकळी झाली. मी त्या रात्री तिच्या पोटावर हात ठेवून बसलो होतो, बाळ हलतंय ना म्हणून. हसू नकोस. आपल्या खाडीत बुडालेल्या माणसांचं उजळलेलं जहाज दिसतं हे तूच मला मांडीवर घेऊन सांगितलं आहेस. मेलेला खलाशी आपली होडी सोडत नाही. मग मेलेला बसवाला आपली गाडी का सोडेल? आणि उद्या माझी पोर कळा देत मागच्या सीटवर असेल, आणि सुकाणू हातात घेऊन मी कुणाच्या तरी मांडीवर बसलेला असेन, हा विचार काही केल्या जाईना.

म्हणून एका गुरुवारी ठरवलं की बघायचंच. एर्सिरा घोरायला लागल्यावर मी गाडीच्या मागच्या सीटखालच्या जागेत आडवा झालो आणि अंगावर घोंगडी घेतली. बाहेर चाळीस अंश असतील. आत पाव भाजून निघाला असता. अर्धा तास काहीच नाही. मग लांबून, दगडांवर: टक. टक. टक. काठी. एकेका दगडाला विचारत यावी तशी. ती गाडीपाशी थांबली. आणि मग, मावशी, एक हात गाडीवरून फिरायला लागला. पुढच्या दिव्यापासून, हळूहळू, बॉनेटवरून, काचेवरून, माझ्या डोक्यावरच्या टपावरून, थेट मागच्या टोकापर्यंत. मेलेल्या माणसाचा चेहरा आंधळी आई चाचपते तसा. कुलपात किल्ली फिरली. सीट पुढे सरकली. कुणीतरी बसलं, इतकं हलकं की गाडी दबलीच नाही. आंबट संत्र्याच्या पानांचा वास आला. इंजिन सुरू झालं, गाडी थोडी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे, आणि थांबली.

मला डोळे उघडता येईनात. वादळात खाडीच्या दक्षिण तोंडावर एकट्याने रात्र काढलेला मी, पण पापण्या उचलेनात.

इंजिन बंद झालं. त्या शांततेत एक म्हातारा, खरखरीत आवाज म्हणाला, “मंगळवारपेक्षा बरं लावलंय.” मग थोडं थांबून, “तरी शिकेल.”

दार लागलं. कुलूप फिरलं. टक, टक, टक. मी तासभर तसाच पडून होतो. एर्सिराने मला बाहेर काढलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “उन्हात गाडीत झोपायचं वय आहे का तुझं?” ‘शिकेल’ हे कुणाबद्दल म्हटलं, मला म्हटलं की गाडीला, याचा मी आठवडाभर विचार केला. मेलेली माणसं भविष्यकाळात बोलत नाहीत, असं मला तोवर वाटायचं.

आणि मग तो दिवस. गेल्या शनिवारी दुपारी आभाळ एकाएकी शिशासारखं झालं आणि असा पाऊस कोसळला की गल्लीचा ओढा झाला. इथे जमिनीखालून पाणी जायला वाट नाही, ते रस्त्यांवरूनच नदीकडे धावतं, माणसं, टायर, गाड्या घेऊन. नेमक्या दीड वाजता रोसेंदाने भिंत धरली आणि म्हणाली, “बाबा, आत्ता.” बाळाला अजून तीन आठवडे होते. टॅक्सीवाल्यांनी जावई म्हणाला तसंच केलं. रुग्णवाहिकेवाले म्हणाले, तासभर लागेल. एर्सिराने रोसेंदावर मेणकापड धरलं, मी किल्ली घेऊन गुडघाभर पाण्यातून पुढे धावलो, दार उघडलं, आणि तिथेच उभा राहिलो.

सुकाणूमागे कुणीतरी बसलेलं होतं.

बुटका, वाळका म्हातारा. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर गवताची टोपी, मांडीवर काठी. सगळा निथळत होता. त्याने मान वळवली नाही. “दार लावा,” म्हणाला, “पाणी येतंय.” तोच आवाज. मागून एर्सिरा ओरडली, “नोल्बेर्तो! पोरगी रस्त्यात बाळंत करायची आहे का? बस पुढे!” तिने पुढे कोण बसलंय हे पाहिलंसुद्धा नाही. मी गाडीला फेरी मारून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. दुसरं काय करणार होतो? भुताच्या हातात गाडी द्यायची, की माझ्या? मी मनात तुलना केली आणि गप्प बसलो.

मावशी, काय गाडी चालवली त्याने! खड्डे पाण्याखाली होते, एकही दिसत नव्हता, पण चाक एकाही खड्ड्यात गेलं नाही. इथे डावीकडे झुकायची, तिथे क्षणभर थांबायची. ओठांत तो काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकलं तर ते बसथांबे होते. “चर्च. औषधवाला. शाळा. लष्कराची भिंत…” मागे रोसेंदा कण्हत होती. पदक झुलत होतं. शेवटी मला राहवेना. मी टोपी काढली आणि फार आदराने विचारलं, “काराई लिब्रादो, राग मानू नका, पण तुम्ही मेलेले आहात का?”

“अजून नाही,” तो म्हणाला. “सिग्नल कुठला आहे?”

“अं?”

“लाल का हिरवा?”

“हिरवा.” मग मला ते टोचलं. “पण तो तर समोरच आहे.”

त्याने गाडी पुढे काढली. गाडी वळली, आणि मला दिसलं की रस्त्यात एक अख्खं झाड आडवं पडलंय आणि आपण थेट त्याच्यावर चाललोय. मी किंचाळलो, “झाड! झाड! थांबा!”

“झाड?” ब्रेक दाबत तो म्हणाला. “ते तर उजव्या अंगाला उभं असतं.”

“आता आडवं आहे!”

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. डोळे उकडलेल्या माशाचे असतात तसे होते. पांढरेफटक. त्याला काहीच दिसत नव्हतं, मावशी. गेली तीन वर्षं काही दिसत नव्हतं. आणि पाऊण शहर आम्ही पार केलं होतं.

मागून एर्सिराचा आवाज आला. अगदी शांत. तिचा असा आवाज मी लग्नात शेवटचा ऐकला होता. “यांना दिसत नाही का रे?”

“नाही,” मी म्हटलं.

“आणि तुला चालवता येत नाही.”

“नाही.”

“मग तू बोल आणि त्यांना चालवू दे. देवाने तोंड दिलंय ना तुला?”

मग मी बोललो. झाडाला वळसा घातला. रुग्णालयाच्या अलीकडे उताराचा रस्ता आहे, तिथे तांबडं पाणी अख्ख्या रुंदीने धावत होतं. म्हातारा थांबला. “इथे मी नेहमी वळून जायचो,” तो म्हणाला. “पाण्याचा आवाज आला की बाकी काही ऐकू येत नाही मला. इथलं मला माहीत नाही.” पण मला माहीत होतं. ते पाणी होतं. या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझ्या भाषेत बोलत होतं. जिथे सुरकुत्या पडत होत्या तिथे दगड वर होते. जिथे गुळगुळीत होतं तिथे खोल. आणि डावीकडे पाणी गोल गोल फिरत होतं, म्हणजे गटाराचं झाकण उडालं होतं. मी म्हटलं, “थेट नको. तिरकं घ्या, वरच्या अंगाला. हळू, पण थांबायचं नाही. सुरकुतीवर ठेवा.” तो म्हणाला, “सुरकुती मला कशी दिसणार?” मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. तशीच गाडी नेली, माझ्या हाताखाली त्याचा हात. मध्यावर मागची चाकं उचलली गेली, क्षणभर गाडी तरंगली. त्याचा श्वास अडकला. माझा नाही. ते मला ओळखीचं होतं.

रुग्णालयाच्या आवारात एक रुग्णवाहिका आणि भिंत यांच्यामध्ये एकच जागा होती. मी तोंड उघडायच्या आत तो मागे घेऊन मोकळा झाला होता. “किती राहिलं?” त्याने विचारलं. मी काच खाली करून पाहिलं. “वीत.” “मग ठीक,” तो म्हणाला, आणि सुकाणूवर डोकं टेकवून रडला. पंचवीस मिनिटांनी मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. मुलगी आवाजाने एर्सिरावर गेली आहे.

नंतर सगळं कळलं. तीन वर्षांपूर्वी काराई लिब्रादोंनी चिपाच्या (चीज घातलेल्या पावाच्या) टोपल्यांत गाडी घातली, तेव्हा गुमेर्सिंदोने किल्ली काढून घेतली. दुसरी किल्ली गादीत शिवलेली होती. मी गाडी घासत लावायचो त्याचा आवाज त्यांना कोपऱ्यावरच्या घरात ऐकू यायचा आणि जेवण जायचं नाही म्हणे. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मुलाला कळलं तर तो त्यांना दूर बहिणीकडे पाठवेल म्हणून कुणी बोललं नाही. वामकुक्षीला खिडक्या बंद ठेवायच्या त्या याचसाठी. मधाबद्दल त्यांनी आभार मानले. तंबाखू दमट होता म्हणाले.

गुमेर्सिंदो बाळ बघायला आला होता. जाताना गाडीपाशी बराच वेळ उभा राहिला, चाकं पाहिली, फूटपाथ पाहिला. “कोण लावतं?” म्हणाला. मी म्हटलं, मी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही फार लवकर शिकलात, काराई.” आणि गेला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या काठीला कुणीतरी नवं रबर बसवलेलं होतं. त्यामुळे आता ते कधी येतात, कधी जातात, काहीच ऐकू येत नाही. मी आत जाऊन बसतो आणि शेजारून आवाज येतो, “आज उशीर केलात.” सवय व्हायला वेळ लागेल.

सर्वांना नमस्कार. ओयार्सोला नको.

तुझा भाचा,
नोल्बेर्तो

ता.क. – मुलीचं नाव एदेल्मिरा ठेवावं असं मी सुचवलं आहे. सगळ्यांना पसंत आहे. हे आधी सांगून ठेवतो.

ता.क. २ – काल काराई लिब्रादोंनी विचारलं की समुद्र केवढा असतो. एकेचाळीस वर्षांत त्यांनी शहराबाहेर गाडी नेलेली नाही, आणि या देशाला समुद्र नाही. मी म्हटलं, आता बघायला जमणार नाही. ते म्हणाले, “बघायला कोण म्हणतंय? ऐकू येतो ना?” तेव्हा आम्ही दोघं येतोय. साधारण तीन हजार किलोमीटर आहे. गुमेर्सिंदोला विचारलं, त्याने आत जाऊन वडिलांचा जाड कोट आणून दिला. एर्सिराला अजून सांगितलेलं नाही. तिने तुला फोन केला तर मेंढ्यांबद्दल बोलत राहा.

ता.क. ३ – काळजी करू नकोस. सरळ रस्त्यावर मी चालवणार, लावायला ते. माझी परवान्याची परीक्षा शुक्रवारी आहे. आम्ही गुरुवारी निघतोय. तुझ्या अंगणात, समुद्राच्या बाजूला, एका गाडीपुरती जागा मोकळी करून ठेव. कुंपण जरा बाहेर सरकवता आलं तर सरकव.